प्लेट नव्या, तरी क्लच सुटेना: जुन्या मोटारसायकलच्या हायड्रॉलिक क्लचचं एक प्रकरण

गाडी १९८० च्या दशकाच्या अखेरची, चार सिलिंडरची, चेनवाली. क्लच हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी ऑइलच्या दाबावर चालणारा. हँडलवर १४ मि.मी. व्यासाचा मास्टर सिलिंडर, इंजिनाच्या डाव्या अंगाला पुढच्या स्प्रॉकेटच्या झाकणाआड मास्टरने ढकललेलं ऑइल झेलणारा ३५ मि.मी. व्यासाचा स्लेव्ह सिलिंडर आणि तिथून गिअरबॉक्सच्या पोकळ शाफ्टमधून आरपार उजवीकडच्या प्रेशर प्लेटपर्यंत (क्लचच्या प्लेट दाबून धरणारी तबकडी) गेलेला लांब पुश रॉड. कावासाकी जीपीझेड ९००आर (१९८४), यामाहा एफजे ११०० (१९८४), होंडा व्हीएफआर ७५०एफ (१९८६) अशा त्या पिढीतल्या बऱ्याच मोठ्या गाड्यांत थोड्याफार फरकाने हीच रचना आहे. त्यामुळे पुढचं बहुतेक सगळं त्यांनाही लागू पडतं.

तक्रार अशी. इंजिन थंड असताना सगळं ठीक. अर्ध्या तासानंतर उभ्या गाडीवर न्यूट्रल सापडत नाही, पहिला गिअर टाकताना ठणका बसतो आणि लिव्हर पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकू बघते. मास्टरच्या टाकीतलं ब्रेक ऑइल तीन महिन्यांत दोनदा खाली गेलं आणि दोन्ही वेळा वरून भरलं गेलं. आठ महिन्यांपूर्वी क्लच प्लेट नव्या बसल्या होत्या. मधल्या काळात एकदा ऑइल बदलून हवाही काढली होती. त्यानंतर आठवडाभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच.

या हकिकतीत दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत: ऑइलची पातळी उतरत होती आणि प्लेट नव्या होत्या.

डिस्क ब्रेकमध्ये पॅड झिजले की पातळी हळूहळू उतरते, कारण पिस्टन बाहेर येतो आणि त्यामागची जागा ऑइल भरून काढतं. क्लचमध्ये नेमकं उलटं होतं. प्लेट झिजल्या की प्रेशर प्लेट आत बसते, ती पुश रॉडला डावीकडे रेटते, रॉड स्लेव्हच्या पिस्टनला आत ढकलतो आणि तेवढं ऑइल वर टाकीत परत येतं. म्हणजे झिजणाऱ्या क्लचची पातळी चढते. ती उतरत असेल तर बाहेर कुठेतरी गळती आहे, दुसरं कारण नाही. ‘पॅड झिजल्यासारखं असेल’ म्हणून वरून भरत राहणं हीच इथली पहिली चूक होती.

आता नव्या प्लेट. या क्लचमध्ये घर्षणाच्या ८ प्लेट आहेत. जुन्या प्लेट प्रत्येकी सुमारे ०.३ मि.मी. झिजलेल्या होत्या, म्हणजे संच एकूण २.४ मि.मी. पातळ झाला होता. नवा संच बसल्यावर प्रेशर प्लेट तेवढी बाहेर सरकली, आणि स्लेव्हमधल्या स्प्रिंगने पिस्टनही रॉडच्या मागोमाग २.४ मि.मी. तोंडाकडे आणला. स्लेव्हच्या पिस्टनची चाल एका दाबाला पावणेदोन मि.मी.च्या आसपास असते. त्यामुळे सील आता जुन्या घासलेल्या पट्ट्याच्या पूर्ण बाहेर, वर्षानुवर्षं कोरड्या राहिलेल्या भागावर फिरू लागलं. तिथे चेनचं ग्रीस, धूळ आणि पावसाचं पाणी साचून अॅल्युमिनियमवर पांढरा गंज आणि खड्डे पडलेले असतात. सीलची कड त्यावर घासून कापली जाते. प्लेट बदलल्यावर काही महिन्यांत स्लेव्ह गळू लागला की लोक प्लेट बसवणाऱ्याला दोष देतात. त्याचा दोष एवढाच की त्याने त्या वेळी स्लेव्ह उघडून पाहिला नाही.

गळती कसली आहे, ते आधी

स्प्रॉकेटचं झाकण काढल्यावर स्लेव्हखाली तपकिरी चिकट ओल होती आणि इंजिनाच्या केसवरचा रंग फुगून सुटत होता. रंग सुटणं ही ब्रेक ऑइलची खूण. तरी खात्री करायला हवी, कारण त्याच जागी पुश रॉडचं सील गळलं तर इंजिन ऑइलही येतं आणि चेनचं तेल तर उडतंच. ओल कापसाने टिपून ग्लासभर पाण्यात बुडवावी. डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल ग्लायकॉलवर आधारलेलं असल्याने पाण्यात विरघळतं, इंजिन ऑइल वर तवंग धरतं. इथे दोन्ही दिसलं. बहुतांश ऑइल विरघळलं आणि वर पातळ तवंग राहिला. म्हणजे स्लेव्ह तर गळत होताच, पुश रॉडचं सीलही संपत आलं होतं.

एवढ्यावर स्लेव्हचं सील बदलून गाडी परत देता आली असती. गळती थांबली असती. गरम इंजिनावर क्लच ओढणं, म्हणजे लिव्हर दाबूनही तो पूर्ण न सुटणं, मात्र बहुधा राहिलं असतं, कारण या गाडीत चाल दुसरीकडेही हरवत होती.

चालीचा हिशेब

३५ आणि १४ मि.मी. व्यासांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर ६.२५ येतं. मास्टरचा पिस्टन ६.२५ मि.मी. सरकला तर स्लेव्हचा १ मि.मी. सरकतो. चांगल्या अवस्थेत या मास्टरची चाल १२ मि.मी. त्यातला पहिला सुमारे १ मि.मी. ऑइल टाकीत परत जाण्याचं बारीक भोक झाकण्यात जातो. उरलेल्या ११ मि.मी.चे प्रेशर प्लेटपाशी १.७६ मि.मी. होतात. ८ घर्षण प्लेटच्या १६ बाजू, म्हणजे एका बाजूच्या वाट्याला ०.११ मि.मी. मोकळीक. केसाच्या जाडीएवढ्या या फटीवर सगळा क्लच सुटतो. म्हणून मिलिमीटरच्या अपूर्णांकाला इथे किंमत आहे.

लिव्हर काढून पाहिली. लिव्हरमध्ये पितळेचा उभा गोल बुश असतो. त्याच्या कुशीत एक आंधळं, म्हणजे आरपार न जाणारं, भोक असतं आणि मास्टरच्या छोट्या पुश रॉडचं टोक त्यात बसतं. या गाडीच्या बुशमध्ये त्या टोकाने १.१ मि.मी. जास्तीचा खड्डा पाडला होता आणि रॉडचं टोकही ०.३ मि.मी. झिजलं होतं. एकूण १.४. काही गाड्यांत रॉड बुशच्या आरपार निघून लिव्हरच्या धातूलाच खात असतो. पिस्टनची चाल व्हर्नियरच्या खोली-पट्टीने मोजली, आधी लिव्हर सैल ठेवून आणि मग मुठीला टेकवून. ती १०.६ मि.मी. भरली. हिशेब जुळला.

त्यात रबरी होज मूळचीच. तीस वर्षांपुढची होज दाबाखाली फुगते. १४ मि.मी.च्या बोअरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या पोकळीत) १ मि.मी. चाल म्हणजे अवघं ०.१५ मि.ली. ऑइल, साधारण तीन थेंब. होजने तीन थेंब फुगून खाल्ले किंवा तेवढी हवा आत राहिली, तर आणखी १ मि.मी. गेला. आता १.७६ चे १.३८ उरले आणि एका बाजूला ०.०८६ मि.मी. थंड इंजिनात जेमतेम भागतं. गरम झाल्यावर नाही भागत.

इथे एक फरक नीट ध्यानात घ्यावा, कारण सगळा निर्णय त्यावर टेकतो. स्लेव्हच्या पुढची झीज ही यंत्रणा आपोआप भरून काढते. प्लेट झिजो, लांब पुश रॉडचं टोक घासो, स्लेव्हचा पिस्टन तेवढी जागा बदलून बसतो आणि चाल तशीच राहते. मास्टरच्या मागची झीज, म्हणजे लिव्हरचा खिळा, बुश आणि छोटा रॉड, कोणीच भरून काढत नाही. केबलच्या क्लचमध्ये हीच झीज अॅडजस्टर फिरवून लपवता येते. इथे अॅडजस्टर नाही, म्हणून ‘हायड्रॉलिक क्लचला देखभाल लागत नाही’ ही समजूत लिव्हरपाशी येऊन फसते.

काय मागवलं

मास्टरचा पूर्ण संच (पिस्टन, कप म्हणजे त्याची दोन्ही रबरी सीलं, स्प्रिंग, पिस्टन आत अडवणारी कडी म्हणजे सर्क्लिप, रबरी टोपी, छोटा रॉड), लिव्हरचा बुश आणि खिळा, टाकीच्या झाकणाखालचं रबर, नवी होज, होजचं टोक धरणाऱ्या प्रत्येक पोकळ बोल्टला (बँजो बोल्ट) दोन याप्रमाणे ४ नवे वॉशर, इंजिनातलं पुश रॉडचं सील आणि डॉट ४ ऑइलची न उघडलेली २५० मि.ली. बाटली. यंत्रणेत ५०-६० मि.ली. मावतं, बाकीचं धुण्यात आणि हवा काढण्यात जातं. स्लेव्हचं काय करायचं ते उघडल्यावर ठरणार होतं.

ऑइल घेण्याआधी टाकीच्या झाकणावरचा शिक्का वाचावा. काही युरोपीय गाड्यांच्या क्लचमध्ये खनिज तेल असतं. त्यांची सीलं वेगळ्या रबराची असतात आणि त्यात डॉट ४ घातलं तर ती फुगून खराब होतात. उलट चूकही तितकीच महागात पडते. सिलिकॉनवालं डॉट ५ इथे नको. डॉट ५.१ चालतं, कारण नावं सारखी दिसली तरी ते ग्लायकॉलच आहे.

उघडताना

गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी केली. साइड स्टँडवर डावीकडे झुकलेली ठेवली तर पुश रॉडच्या भोकातून इंजिन ऑइल बाहेर येतं. पेट्रोलची टाकी आणि पुढचं फेअरिंग (प्लॅस्टिकचं आवरण) ओल्या जाड कापडाने झाकलं. सांडलेल्या ब्रेक ऑइलवर लगेच भरपूर पाणी ओतलं तर रंग वाचतो. नुसतं पुसलं तर ते पसरतं.

मास्टरच्या टाकीच्या झाकणाचे फुलीचे स्क्रू जपानी मापाचे असतात. साध्या स्क्रू ड्रायव्हरने त्यांची फुली गोल होते. योग्य टोक लावून त्यावर हातोडीची हलकी टिचकी मारली की ते सुटतात.

स्लेव्ह इंजिनावरून सोडवला, होज तशीच ठेवली आणि स्लेव्ह कापडात धरून लिव्हर हळूहळू दाबली. पिस्टन स्वतःहून बाहेर आला. ही सोय होज काढल्यावर राहत नाही, मग माणसं कॉम्प्रेसरची हवा मारतात आणि पिस्टन गोळीसारखा सुटतो. बोटं समोर असतील तर मोडतात.

आत तपकिरी लगदा निघाला. बोअर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि नायलॉनच्या घासणीने साफ केल्यावर तोंडापासून सुमारे ४ मि.मी. रुंदीचा खड्ड्यांचा पट्टा दिसला. नख फिरवलं की अडकत होतं. सील आता नेमकं तिथेच फिरत होतं. असा बोअर घासून गुळगुळीत करण्याचा मोह होतो. बोअर अॅनोडाइझ केलेला असेल तर कठीण थर निघून मऊ धातू उघडा पडतो, आणि खड्डा जाईपर्यंत घासलं तर सील ढिलं बसतं. नवं सील घालून हा स्लेव्ह काही आठवडे चालला असता. म्हणून पूर्ण नवा स्लेव्ह घेतला. नवा मिळत नसलेल्या गाड्यांसाठी बोअर मोठा करून त्यात स्टेनलेस स्टीलची बाही बसवून घेणं हा टिकाऊ पर्याय आहे, पण आतला व्यास मूळचाच ठेवून घ्यावा. व्यास बदलला की वरचं ६.२५ बदलतं.

लांब पुश रॉड काचेवर लोळवून पाहिला. सरळ होता, टोकावर जास्त तापल्याचा निळेपणा नव्हता. सीलच्या जागी रॉडवर बारीक गंज होता, तो १००० नंबरच्या पॉलिश पेपरने काढला. नाहीतर नवं सीलही गेलं असतं. इंजिनातलं सील इथे बाहेरून निघालं. काही इंजिनांत त्याची कड आतून अडकवलेली असते आणि इंजिन खोलल्याशिवाय निघत नाही. ओढण्याआधी पार्टच्या चित्रात पाहून घ्यावं.

मास्टर

मास्टरचा सर्क्लिप खोल आणि अरुंद जागेत असतो. त्याला लांब, बारीक टोकांचा सरळ पक्कड लागतो. साधा पक्कड वापरला की तो बोअरवर घसरतो. बोअर इथे १४.०२ मि.मी. भरला आणि चकचकीत होता. त्या काळच्या १४ मि.मी.च्या होंडा मास्टरसाठी नव्या बोअरची मर्यादा १४.०००-१४.०४३ आणि पिस्टनची १३.९५७-१३.९८४ मि.मी. अशी दिलेली असते. आपल्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तकात पाहावा.

टाकीच्या तळाला दोन भोकं असतात. एक मोठं, सहज दिसणारं. दुसरं जेमतेम अर्ध्या मि.मी.चं. हे दुसरं परतीचं भोक जेलीसारख्या गाळाने अर्धं बंद होतं. ड्रिल किंवा सुई नको, भोक मोठं होतं किंवा त्याला कड येते आणि ती कपाचं रबर कापते. विजेच्या वायरमधली तांब्याची एकच तार पुरते.

नवा पिस्टन आणि कप ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बसवले. कपची पसरट कड दाबाच्या दिशेला, म्हणजे आतल्या बाजूला. निमुळत्या स्प्रिंगचं रुंद टोक बोअरच्या तळाला, अरुंद टोक कपाकडे. ग्रीस लावायचंच असेल तर रबरासाठीचं लाल ग्रीस. साध्या पेट्रोलियम ग्रीसने ही रबरं सुजतात. सर्क्लिप खाचेत पूर्ण बसला का, ते तो हलकेच गोल फिरवून पाहावं. बुश आणि खिळ्याला मात्र सिलिकॉन ग्रीस हवंच, ते कोरडे राहिल्यामुळेच तर झिजले होते.

मास्टरचा क्लॅम्प बसवताना खुणेचा बाण वर ठेवून आधी वरचा बोल्ट पूर्ण आवळला, मग खालचा. फट खाली राहिली पाहिजे. बँजो बोल्ट २५-३० न्यूटन-मीटरच्या आसपास, स्लेव्हचे ६ मि.मी.चे बोल्ट १० ते १२. ब्लीडर, म्हणजे स्लेव्हवरचा हवा काढायचा स्क्रू, ८ मि.मी.च्या पान्याने अगदी हलका आवळायचा. पोकळ असल्याने तो मोडतो आणि आत अडकतो.

हवा काढताना

कोरडी यंत्रणा वरून लिव्हर पंप करून भरायला बसलं तर तासभर हाताला काही लागत नाही. लहान मास्टर एका दाबात दीड-पावणेदोन मि.ली. ढकलतो आणि हवा उलट वर चढत राहते. ६० मि.ली.च्या सिरिंजने ब्लीडरमधून ऑइल खालून वर भरलं. हवा आपल्या वाटेने टाकीत आली. टाकी काठोकाठ जाऊ नये म्हणून दुसऱ्या सिरिंजने वरचं ऑइल काढत राहिलो.

एवढं करूनही लिव्हरच्या चालीचा पहिला एक-तृतीयांश भाग पोकळ लागत होता. हा बुडबुडा बहुतेक वेळा मास्टरच्या बँजोमध्ये असतो, कारण यंत्रणेतली सगळ्यात उंच जागा तीच. हँडल उजवीकडे पूर्ण वळवून मास्टर वर येऊ दिला, कापड गुंडाळून, लिव्हर दाबलेली धरून बँजो पाव फेरी सैल केला आणि लिव्हर मुठीला पोहोचण्याआधीच आवळला. मग लिव्हर रात्रभर पट्ट्याने बांधून ठेवली. बांधलेल्या अवस्थेत परतीचं भोक झाकलेलं असल्याने हवा टाकीत जात नाही. बुडबुडे फक्त वर जमतात. सकाळी लिव्हर सोडताना आणि नंतर दहा-बारा वेळा अर्धा सेंटिमीटरच फडफडवताना ते बाहेर पडतात.

पुन्हा एक तक्रार, उलटी

पहिल्या १५ किलोमीटरनंतर क्लच घसरू लागला. वरच्या गिअरमध्ये थ्रॉटल दिला की इंजिनाचे फेरे चढतात, वेग वाढत नाही. प्लेट तर नव्या. गाडी उभी करून ब्लीडर क्षणभर सैल केला, एक थेंब उडाला आणि घसरणं थांबलं. म्हणजे यंत्रणेत दाब अडकत होता. टाकीचं झाकण उघडून लिव्हर किंचित दाबली. परतीच्या भोकातून बारीक कारंजं यायला हवं होतं, ते आलं नाही.

कारण नवा बुश. तो मूळ कंपनीचा नव्हता आणि त्याचं आंधळं भोक ०.८ मि.मी. उथळ होतं. त्यामुळे लिव्हर सुटलेली असतानाही रॉड पिस्टनला थोडा दाबून ठेवत होता आणि कप परतीच्या भोकाच्या पुढेच राहत होता. इंजिनाच्या उष्णतेने फुगलेलं ऑइल परत जायला वाट नाही, म्हणून तेच क्लच दाबत बसलं. झिजलेल्या बुशने चाल खाल्ली होती, उथळ बुशने मोकळी चालच उरू दिली नाही. मूळ मापाचा बुश बसवल्यावर लिव्हरच्या टोकाला २-३ मि.मी. मोकळी चाल आली आणि कारंजं दिसलं. स्वस्त घडीच्या लिव्हर आणि न जुळणारे छोटे रॉड हाच घोटाळा करतात, म्हणून झाकण लावण्याआधी कारंजाची परीक्षा सोडू नये. डोळ्यांवर चष्मा मात्र हवा.

मास्टरची चाल आता ११.९ मि.मी. भरली. पहिल्या गिअरमध्ये, मागचं चाक उचलून, लिव्हर पट्ट्याने दहा मिनिटं बांधून ठेवली. चाक हाताने शेवटपर्यंत फिरत राहिलं, म्हणजे पहिल्या कपातून आतल्या आत गळती नाही. १०० आणि ५०० किलोमीटरनंतर स्लेव्हखाली पांढरा कागद ठेवून पाहिला, कोरडा होता. गरम इंजिनावर न्यूट्रल उभ्या गाडीतही लागतो.

टाकी वरच्या रेषेपर्यंत न भरता मध्यावर सोडली आहे. नव्या प्लेट बसत जातील तशी ती पातळी वर्षभरात थोडी चढेल, ती काढायची नाही. दोन वर्षांनी ऑइल बदलताना स्लेव्हमागचा चेनचा लगदा काढायचा आणि बुशला पुन्हा ग्रीस द्यायचं.